लाल दिवे आणि अकराची मुलाखत

मुलीची मुलाखत अकराला होती, आणि वडिलांनी साडेनऊला नव्या राउटरचं खोकं फोडलं.

"बाबा, जुन्या मोडेमवर नेट चाललंय ना! मुलाखत झाल्यावर लावा." आठ महिने अर्ज केल्यावर पहिल्यांदाच कुणीतरी बोलावलं होतं, त्यामुळे ती काकुळतीला आली होती.

"तुझ्या खोलीत रेंज येत नाही म्हणून तूच कुरकुरत होतीस. अगं, तीस वर्षं वायरमन होतो मी! दहा मिनिटांचं काम."

माहितीपत्रक न उघडता त्यांनी मोडेमची वायर राउटरच्या दिसेल त्या भोकात खुपसली. लाल दिवा. दुसऱ्या भोकात खुपसली. लालच. मग मोडेमच्या पाठीवरचं बारीक छिद्र त्यांना खुणावू लागलं. बायकोची सेफ्टी पिन घेऊन त्यांनी ते दाबून धरलं. आता मोडेमवरही लाल दिवा.

"मघाशी एक तरी हिरवा होता," बायको म्हणाली.

घामाघूम होऊन त्यांनी घरच्या फोनवरून कंपनीला फोन लावला. वीस मिनिटं तेच ते संगीत ऐकल्यावर एक बाई बोलली.

"सर, रीसेट केलंत? मग मोडेममधला पासवर्ड पुसला गेला. आता मी सांगते तसं करा. भिंतीतली टेलिफोनची वायर काढा, दहापर्यंत मोजा आणि परत लावा."

कानाशी रिसीव्हर धरून त्यांनी वायर उपटली. सातपर्यंत मोजल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की पलीकडचं "हं, हं" बंद पडलंय. घाईघाईत परत लावायला गेले, तर वायरच्या टोकाची पिनच तुटली. घरात ना नेट, ना फोन. अकराला चार मिनिटं कमी.

मुलगी मोबाइल घेऊन जिन्यात गेली. मोबाइलची रेंज काय ती तिथेच यायची. वडील दारापासून खिडकीपर्यंत येरझारा घालू लागले. अधूनमधून दाराला कान लावायचे, की पुन्हा चालू.

"सॉरी सर, व्हिडिओ चालत नाहीये. नुसतं बोललं तर चालेल?" फोन स्पीकरवर होता.

"चालेल. काम ग्राहकांना फोनवर मदत करायचं आहे. समजा, एखाद्याचं नेट बंद पडलंय. सगळ्यात आधी काय विचाराल?"

वडिलांचे पाय जागच्या जागी थबकले.

"घरात वडील आहेत का, ते विचारेन."

पलीकडे हशा पिकला. "आणि असले तर?"

"तर आधी त्यांना खुर्चीत बसवायला सांगेन, सर. बिचारे फार घाबरलेले असतात."

दाराआड वडील आवाज न करता खुर्चीत बसले.