गजाअण्णांची चौकशी

आमच्या वरच्या मजल्यावरचे गजाअण्णा रोज सकाळी कॉफीबरोबर विमान अपघातांचे अहवाल वाचतात. लोक राशिभविष्य वाचतात तसे, आणि तेही मोठ्यानं.

बंगळूरच्या शिवाजीनगरात त्यांचं नळांचं दुकान. पन्नाशीनंतर त्यांनी छोटं विमान चालवायचा परवाना काढला. शिवाय सुरक्षित उड्डाणाचे ऑनलाइन कोर्स चालूच असतात. हेडफोन लावून ते स्क्रीनशी भांडतात, "अरे, तिथूनच वळायचं होतं रे!"

अहवालांनी त्यांना एक खोड लागली. काही बिघडलं की चौकशी! "एका चुकीनं काही होत नाही. तीन शोधा." एकदा आमच्याकडे डोसा करपला. अण्णांनी माझ्या बायकोची रीतसर जबानी घेतली. "सरी, ठीक. फोन वाजला, ही एक. उलथनं सापडलं नाही, दोन." मग माझ्याकडे वळून, "आणि वास येत असताना तुम्ही पेपर वाचत बसलात!"

माझ्या आईला विमानातून बंगळूर बघायचं होतं. अण्णांनी तीन रविवार ठरवले आणि तिन्ही रद्द केले. एकदा वारा, एकदा ढग, एकदा त्यांनाच सर्दी. चौथ्या रविवारी शहराबाहेरच्या धावपट्टीवर आई नवी साडी नेसून उभी राहिली. अण्णांनी विमानाच्या टाकीतून काचेच्या नळीत थोडं पेट्रोल काढलं. निळसर पेट्रोलच्या तळाशी पाणी होतं. तीनदा काढलं, तीनदा पाणी.

"स्वल्पच तर आहे," मी म्हणालो.

"एवढ्यानं वर इंजिन बंद पडतं. गेल्याच आठवड्यात वाचलंय." त्यांनी मेकॅनिकला बोलावलं आणि उड्डाण रद्द केलं.

मी वैतागलो. आई मात्र बाकावर त्यांच्याशेजारी जाऊन बसली. अण्णा ती काचेची नळी पुसत होते.

"सुमन माझ्याबरोबर विमानात एकदाच बसली, अक्का," ते म्हणाले. सुमन म्हणजे त्यांची बायको. "समोर ढग दिसत होते, तरी मी घुसलो. तिला ऐट दाखवायची होती. काही दिसेना. कसाबसा परत उतरलो. ती परत कधी बसली नाही. पुढे आजारपणात गेली. हे वाचायचं, शिकायचं, सगळं त्या दिवसानंतर सुरू केलं. तिला एकदा नीट फिरवून आणायचं राहूनच गेलं."

आईनं त्यांच्या हातावर हात ठेवला.

"पुढच्या रविवारीही मी रिकामीच आहे," ती म्हणाली.