चला, पोहोचवा मला

गुडगावच्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत इंटरव्ह्यूला कुणीही येवो, नाडकर्णी सर त्याला त्याच्या घरचा पत्ता विचारायचे. नुसता पत्ता नाही, रस्ता. "समजा, मी इथून निघालोय. चला, पोहोचवा मला!" हिंदीवाला असला तर "चलो, पहुँचाओ मुझे!"

बिचारी मुलं महिनाभर घोकंपट्टी करून आलेली असायची, आणि हा माणूस विचारतोय, मेट्रोतून उतरल्यावर डावीकडे की उजवीकडे!

"सर, लोकेशन भेज देता हूँ," एखादा हुशार म्हणे.

"फोन की बैटरी गई. अब?"

"किसी से भी पूछ लीजिए."

झालं! कोडिंग कितीही फक्कड असो, स्वारी बाद.

"अगं, मशीनला अक्कल नसते," सर मला समजावायचे. "सांगू तेवढंच कळतं त्याला. ज्याला एक म्हातारा घरापर्यंत आणता येत नाही, तो मशीनकडून काय काम करून घेणार, कप्पाळ!"

एचआरच्या मल्होत्रा मॅडम वैतागल्या होत्या. जागा रिकाम्या, कामं तुंबलेली, आणि सर आपले नापास करत सुटलेले. "नाडकर्णीजी, आपको इंजीनियर चाहिए या ऑटोवाला?"

"एक ही बात है, मैडम."

"ऐसे ही चला ना, तो आपके इंटरव्यू बंद करवा दूँगी!"

हे ऐकून मात्र सर शर्टाची कॉलर नीट करू लागले. एरवी चुरगळलेल्या शर्टात वावरणारा हा माणूस फक्त इंटरव्ह्यूच्या दिवशी इस्त्री करून यायचा.

माझाही इंटरव्ह्यू त्यांनीच घेतला होता. आडनाव बघितलं आणि थेट मराठीत सुरू. आम्ही पहाडगंजात राहायचो. मी म्हटलं, "मराठी शाळेवरून पुढे या. गल्लीच्या तोंडाशी गाय बसलेली असते, तिथे वळा."

"गाय उठून गेली तर?"

"ती उठत नाही, सर. उठलीच तर समोर कचोरीवाल्याकडे असते."

"आणि कचोरीवाला सुट्टीवर?"

"मग आमची आई गॅलरीतून हाका मारते. ती कधी सुट्टीवर नसते."

सर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मला नोकरी लागली.

गंमत म्हणजे हे सगळे रस्ते त्यांना पाठ राहायचे. जोराचा पाऊस झाला की हजर माझ्या टेबलाशी. "गल्लीत पाणी असेल गं, शाळेच्या मागून जा." मुनिरकात राहणाऱ्या रावतला त्याची गल्ली सांगणार. आमच्यापैकी एकाच्याही घरी हा गृहस्थ कधी आला नव्हता. आम्ही तरी कुठे बोलावलं होतं म्हणा!

आणि एका सोमवारी मॅडमनी खरंच ते केलं. यापुढे कंप्युटरवर टेस्ट, मार्क मशीन देणार, इंटरव्ह्यू बंद. "बिल्कुल ठीक," सर म्हणाले. थोड्या वेळाने मी इंटरव्ह्यूच्या खोलीत डोकावले. सर इस्त्रीच्या शर्टात एकटेच उभे राहून कोरा फळा पुसत होते.

मी आत गेले आणि उमेदवाराच्या खुर्चीत न बसता सरांच्या खुर्चीत बसले.

"सर, समजा, मी इथून निघालेय. तुमच्या घरी. चला, पोहोचवा मला!"

सरांनी ऐटीत मार्कर उचलला. "सोप्पं आहे! फरीदाबादला मेट्रोतून उतरलीस की... उतरलीस की..." मार्कर फळ्यावर तसाच टेकलेला. "कुणालाही विचार ना."

"नापास!" मी ओरडले.

ते हसले, मग उमेदवाराच्या खुर्चीत बसले. "कुणी विचारलंच नाही गं कधी. तुझी काकू गेल्यापासून घरी येतंच कोण!"

पण हार मानतील तर ते नाडकर्णी कसले. उठले, फळा पुसला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पेट्रोलपंप आला, हनुमानाचं देऊळ आलं, पिवळी पाण्याची टाकी आली, जिना आला.

"आणि बेल कुठल्या बाजूला?" मी विचारलं.

"बेल बिघडलीये. पण बेलचं काय करायचंय?" सर मार्करला टोपण लावत म्हणाले. "रविवारी येतेस ना? केव्हाही ये. मी सकाळपासून गॅलरीतच उभा असेन."