विलासदादाची मोकळी तार

थांबा, हातातलं काम ठेवा. हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय, कारण विलासदादा अजून व्हरांड्यात फोन कानाला लावून उभा आहे आणि तो आत आला की मला लिहू देणार नाही.

विलासदादा म्हणजे आमच्या विश्रामबागच्या ऑफिसातला सीनियर इंजिनियर. कुणी तोंड पाडून बसलं की हा समोर येऊन विचारतो, "ताण हाय का नुसती गरमी?" चहावाल्या काकूंना विचारतो, साहेबांना विचारतो. एकदा रांगेत भांडणाऱ्या अनोळखी माणसाला विचारलं. त्यानं हात उगारला, तर दादा आम्हाला म्हणतो, "गरमी हाय. उतरंल."

माझं लग्न जमता जमता मोडलं, तेव्हा मात्र बराच वेळ बघत राहिला. "ह्यो ताण हाय गं," म्हणाला, आणि भडंगाचा पुडा टेबलावर ठेवून गेला.

हे खूळ आलं आमच्या कामातनं. पाटणच्या वरच्या पठारावर पवनचक्क्या आहेत ना, त्यांची पाती आम्ही इथं बसून बघतो. पातं म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड आणि रेझिन, थरावर थर. त्या थरांत ऑप्टिकल फायबर चिकटवलेली असते, केसाएवढी काचेची तार. तिच्यातनं प्रकाश सोडायचा. वाऱ्यानं पातं वाकलं, तार ताणली, की परत येणाऱ्या प्रकाशाचा रंग किंचित बदलतो आणि आमच्या स्क्रीनवर रेघ हलते. पण लोचा असा की ऊन तापलं तरी रंग बदलतोच. मग कळणार कसं? म्हणून शेजारी दुसरी तार बारीक नळीत मोकळी सोडतात. तिच्यावर भार नाही, तिला फक्त ऊन-थंडी कळते. ती वजा केली की उरतो तो खरा ताण.

दादाचा सगळा जीव एका पवनचक्कीच्या मोकळ्या तारेवर. ती चक्की त्याच्या गावाच्या डोक्यावर उभी आहे आणि खालच्या घरात त्याचे वडील, तात्या, एकटेच राहतात. तात्या फौजेतनं रिटायर झालेले. दादानं भरतीचा नाद सोडून ही नोकरी धरली तेव्हा म्हणाले, "काचंच्या तारा बघत बसायचं, ही नोकरी व्हय?" तेव्हापासून बोलणं बंद.

बोलणं बंद, चौकशी चालू. त्या तारेचा आकडा खाली गेला, म्हणजे गावात गार पडलं, की दादा मला म्हणतो, "लाव फोन. हवामान खात्यातनं बोलतीय म्हण. स्वेटर घालाय सांग." मी लावते. तात्या म्हणतात, "व्हय व्हय, घालतो." संपलं.

आज सकाळी मोकळ्या तारेची रेघच गेली. कुठंतरी जोड निसटला असणार. साहेब म्हणाले, आता ताणाचा आकडा चुकणार. दादाला त्याचं काय? त्याला बसवेना, उभं राहवेना. "वर काय हाय कायच कळंना गं."

शेवटी मीच फोन लावला, स्पीकरवर.

"तात्या, हवामान खातं बोलतंय. आज आमचं यंत्र बंद पडलंय. तुमीच सांगा, किती गार हाय?"

तात्या म्हणाले, "पोरी, हवामान खातं कुणाच्या स्वेटरची चौकशी करतंय व्हय गं? मला काय खुळा समजलीस? लय गार हाय म्हणून सांग त्याला. स्वेटर घातलाय. आन् त्यो अजून पातळ शर्टावरच हिंडतोय का, ते बी इचार."

दादा टेबलाला धरून उभा होता. मी त्याचंच त्याला विचारलं, "दादा, ताण हाय का गरमी?"

त्यानं फोन उचलला, स्पीकर बंद केला आणि बाहेर जाता जाता एवढंच म्हणाला, "तात्या, कानटोपी पण घाला."

मघाशी पाण्याच्या निमित्तानं जाऊन आले. जवळ गेलं की फोनमधनं नुसता तात्यांच्या डोक्यावरचं पातं फिरल्याचा आवाज येतोय, घुम्म, घुम्म, आणि दादा डोळे मिटून तो ऐकतोय.

तुमचं पण झालंय का कधी असं? तिकडं गार पडलंय का, हे दुसऱ्याच्या तोंडून विचारलंय कुणाला?