कौलांवरचा जयराम

"माझ्या कोठडीतून माणूस सोडा, मुंगीसुद्धा माझ्या परवानगीशिवाय बाहेर पडत नाही!" असं हवालदार कृष्णनाथ छातीवर हात मारून सांगत. आणि मंडळी, त्यात तसूभर खोटं नव्हतं! त्या दिवशी जयराम बाहेर पडला तो त्यांच्या परवानगीनेच पडला. सगळा घोळ झाला तो त्यामुळेच.

गोवा राज्य होऊन जेमतेम वर्ष झालेलं. डिचोलीच्या बाजूला कच्च्या कैद्यांची एक लहानशी कोठडी होती. कुठली ते विचारू नका, त्यातली माणसं अजून बाजारात भेटतात! इमारत पोर्तुगिजांच्या वेळची, वर मंगळुरी कौलं, आणि कौलं कसली, चाळणच ती! पावसाळ्यात हवालदार टेबलाशी छत्री उघडून बसत. बांधकाम खात्याचा माणूस यायचा, वर बघायचा, "बघूया" म्हणायचा आणि चहा पिऊन जायचा. अशात निरोप आला की नवे इन्स्पेक्टर शनिवारी पाहणीला येणार.

हवालदारांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. जाता जाता शेरा वाईट नको! त्यांनी कोठडीच्या गजांतून आत बघितलं. आत एकच कैदी होता, जयराम. मूळचा सावंतवाडीकडचा, आता मयेत राहणारा, सुर्ल्याला खनिजाच्या ट्रकावर कामाला. ट्रकातलं डिझेल चोरल्याचा आळ त्याच्यावर होता. पण त्याआधी हा गडी बारा गावची छपरं दुरुस्त करत, कौलं चाळत फिरायचा, आणि ते हवालदारांना ठाऊक होतं.

"हवालदारसायब, सोमवारी माका जामीन गावतलो मां?" जयराम रोजच्यासारखं विचारत होता. "म्हातारी आवस अंथरुणार पडली हा. तिचा आता काय खरा नाय. एकदा नदरेक पडाक होया तिच्या."

"मेळटलो रे! आमी विरोध करचे ना. पूण तूं म्हजें एक काम कर."

शुक्रवारी दुपारी हवालदारांचं टेबल कोठडीत आणून जयराम त्यावर चढला, चार कौलं सरकवली आणि वाशांमधून वर गेला. हातात हातोडी, कमरेला कौलं वर ओढून घ्यायचा दोर. खाली कोठडी रिकामी. मग हवालदारांनी काय करावं? कुलूप लावलं! का, तर कैद्याची कोठडी कधी उघडी ठेवायची नाही, हा नियम. कैदी छपरावर असला म्हणून काय झालं? मग माशाच्या हुमणाशी भात जेवून ते बाकावर आडवे झाले. गोव्यात दुपारची झोप चुकवणारा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर नवा साहेब!

आणि नवा साहेबच आला! एक दिवस आधी!

"हवालदार! वर कोण आहे तो?"

कृष्णनाथ दचकून उठले. टोपी उलटी घातली, तसाच सॅल्यूट ठोकला. "जयराम, सर."

"कोण जयराम?"

"कैदी, सर."

"कैदी? छपरावर? कोठडी उघडी होती?"

"छे, सर! कुलूप आहे की! ही बघा, किल्ली माझ्याच कमरेला!" हवालदारांनी अभिमानाने किल्ली वाजवून दाखवली.

साहेबांनी कुलूप बघितलं. गजांतून टेबल बघितलं, त्याच्या वर छपराला पडलेलं भगदाड बघितलं, छपरावरून लोंबणारा दोर बघितला. "म्हणजे पळतोय हा!"

'मीच चढवलाय त्याला.' एवढं म्हणायचं होतं! पण त्या तीन शब्दांच्या पलीकडे हवालदारांना आपली पेन्शन बुडताना दिसली.

"होय, सर! पळतोय, सर!"

साहेबांनी शिट्टी फुंकली. छपरावर जयराम ताडकन उभा राहिला आणि कपाळावर हात धरून चारी बाजूंना बघू लागला. बिचाऱ्याला वाटलं, दुसराच कोणीतरी पळाला!

"खंय गेलो तो, हवालदारसायब?" तो वरून ओरडला. "माका हयसून सगळा दिसता! व्हाळाच्या बाजूक कोण नाय!"

समोरच्या चहाच्या दुकानातली माणसं धावत आली. "कैदी पळता! मारा त्याका!" कोणी दगड उचलला, कोणी नारळाची झावळी. पहिला दगड कौलावर बसला, दुसरा जयरामच्या कपाळावर. अर्धा डझन कौलं घेऊन तो अंगणात आला आणि त्याचा पाय काडीसारखा मोडला.

संध्याकाळी रिपोर्ट झाला. साहेब सांगत गेले, हवालदार लिहीत गेले. हातोडीचं हत्यार झालं. दोर पळून जाण्यासाठी मिळवलेला ठरला. "व्हाळाकडे बघून काय ओरडला तो?" साहेबांनी विचारलं, आणि तिथे, ओढ्यात, दोन साथीदार दबा धरून बसले! कैदी त्यांना इशारे देत होता म्हणे! हवालदारांनी तर जिवाची पर्वा न करता त्याला लोकांच्या दगडांतून वाचवून धरला. हे लिहिताना त्यांचं अक्षर मात्र चांगलं आलं. रविवारी पेपरात सगळं छापून आलं, साथीदार दोनाचे पाच झाले होते.

त्याच दिवशी हवालदार केळी घेऊन इस्पितळात गेले आणि खाटेशी बसून चक्क रडले. "जयरामा, कोर्टांत तूं होय म्हण. ना म्हणशी तर म्हजी पेन्शन गेली! हांव सायबाकडेन उलयतां. तुका जामीन मेळटलो."

"पळालंय म्हणान सांगू?" जयराम विचारात पडला. "तुमी सांगतात तर सांगतंय. तुमचा वायट कित्याक जाऊक होया? पण सोमवारी माका घराक धाडा हां!"

हवालदार साहेबांच्या दारापर्यंत गेले, खोटं कशाला बोलू! पण साहेब म्हणाले, "या, कृष्णनाथ, तुमचं नाव बक्षिसासाठी पाठवलंय." आणि हे थँक्यू म्हणून परत आले.

सोमवारी मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "पळून जात होतास?"

जयरामने हवालदारांकडे बघितलं. हवालदारांनी जमिनीकडे बघितलं.

"होय, सायबा."

जामीन फेटाळला. आता मोठ्या तुरुंगात, खटला संपेपर्यंत! बाकी सगळं इंग्रजीत झालं, जयरामला काही कळलं नाही. दोन शिपायांनी त्याला उचलून गाडीकडे नेलं, तेव्हाही तो हवालदारांकडे बघून हसत होता. "आता घराक मां?"

कोर्टाच्या व्हरांड्यात त्याची बायको प्रभावती उभी होती. ती सरळ हवालदारांकडेच आली. आता ही शिव्या घालणार, म्हणून त्यांनी मान खाली घातली. तिने हात जोडले!

"तुमी होतात म्हणान जीव तरी वाचलो त्येचो. शेजाऱ्यान पेपर वाचून दाखवल्यान माका." तिचे डोळे भरले. "पण दोन दिस कळ सोसवली नाय हो मेल्याक! म्हातारेक काय सांगू मी आता? गाडयेचो आवाज इलो की मान वर करता ती."

हवालदारांनी तोंड उघडलं. खरं सांगायचं ते अगदी दातांपर्यंत आलं आणि तिथेच अडकलं.

"सांग तिका... सरकारी काम करता करता तो अडकलो म्हणून."

मंडळी, 'पळतोय' म्हटल्यापासून त्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं खरं वाक्य!

प्रभावतीचे जोडलेले हात सुटले.

"म्हातारी मराक टेकली हा," ती म्हणाली, "आणि तुमका मस्करी सुचता?"

आणि मागे न बघता ती मयेच्या बसकडे चालू लागली.