सावली : पाणी व स्वच्छता या शीर्षाखाली

निधी कुठलाही असो, त्याला मी हव्या त्या कामाला जुंपून दाखवतो, असा तालुक्यात माझा लौकिक आहे. म्हणजे होता. मी ग्रामसेवक. आमच्या आर्वीकडे ग्रामसेवकाला लोक सचिव म्हणतात. मंत्रालयातही सचिवच असतात, त्यामुळे लग्नकार्यात माझं बरं चालतं. फरक एवढाच की त्यांच्या खोलीत एसी असतो आणि माझ्या खोलीत पंखा. तोही भारनियमन नसेल तेव्हा फिरतो.

गावाचा विकास आराखडा कसा होतो ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही मला वेड्यात काढाल. गावाला काय हवं ते गावानं ग्रामसभेत ठरवायचं. वरून पैसा येतो तो दोन जातींचा. एक 'बंधित', म्हणजे तो पाणी आणि स्वच्छता सोडून कशालाही लावायचा नाही. दुसरा 'अबंधित', म्हणजे तो कशालाही लावता येतो, म्हणून तो सदस्यांच्या घरासमोरच्या सिमेंट रस्त्यांना लागतो. काय हवं ते गाव सांगतं आणि ते कशात बसतं ते कॉम्प्युटर सांगतो. या दोघांची गाठ घालून देणं ही माझी नोकरी. इतकी वर्षं केल्यावर आता थकवा येतो, पण लौकिक म्हणून तोंड हसरं ठेवावं लागतं.

त्या साली ग्रामसभा रिवाजाप्रमाणे कोरमअभावी तहकूब झाली. तहकूब सभेला कोरम लागत नाही, म्हणून ती लगेच तिथंच पुन्हा भरली. सरपंच भावनाताई, शिपाई रुपेश, ऑपरेटर अश्वजित, चारदोन सदस्य आणि दाराशी जिजाबाई. जिजाबाई आमच्या गावची भाजीवाली. आर्वीच्या बाजाराला सांभार म्हणजे कोथिंबीर, अंबाडी, चवळीच्या शेंगा घेऊन जाणारी. गाव आत, आणि एसटी थांबते रोहण्याच्या रस्त्यावर फाट्यावर. तिथं पूर्वी कडुनिंब होता. रस्ता रुंद झाला, निंब गेला, आणि आता मे महिन्यात त्या फाट्यावर उभं राहायचं म्हणजे तव्यावर उभं राहायचं.

"सचिवसाहेब," जिजाबाई म्हणाली, "मांगच्या उन्हाळ्यात मले फाट्यावर भोवळ आली. टोपलं उलथलं, गाडी निघून गेली. आता सून म्हन्ते, बुढे, घरीच बस. मी घरी बसली त मरूनच जाईन. फाट्यावर बसाले सावली करून द्या."

एवढंच मागणं. एक छप्पर, एक ओटा. सभेत कोणी विरोध केला नाही, ही आमच्याकडे बातमी आहे.

"घ्या ना तेवढं आराखड्यात," भावनाताई म्हणाल्या. "मलेई तिथंच उभं राहा लागते."

मी खुर्चीत मागे रेललो. "जिजाबाई, पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही सावलीत बसलेल्या असाल. सचिवाचा शब्द आहे."

दुसऱ्या दिवशी अश्वजितनं कॉम्प्युटर उघडला. मी म्हटलं, टाक, प्रवासी निवारा. त्यानं बराच वेळ वरखाली केलं.

"सर, अबंधित त संपला. रोडात गेला. बंधितमधी टाकतो म्हनलं, त तिथं निवाऱ्याचा पर्यायच नाई."

"काय काय आहे तिथं?"

"शोषखड्डा, नाली, शौचालय दुरुस्ती, पाण्याची टाकी, हात धुण्याचे केंद्र."

इथं माझी प्रतिभा जागी झाली. मी म्हटलं, अश्वजित, हात धुण्याचे केंद्र उघड्यावर असतं का? त्याला छप्पर लागतं. हात धुवायला माणसं येणार, त्यांना टेकायला ओटा लागतो. ओटा, छप्पर, भिंत. मग राहिलं काय? भिंतीला एक नळ खोसायचा.

अश्वजित माझ्याकडे नुसता पाहत राहिला. "सर, तुमाले मानलं," असं तो म्हणाला, आणि माझा त्या वर्षातला तो शेवटचा आनंद.

केंद्र मार्चच्या आत उभं राहिलं. छान झालं. पत्र्याचं प्रशस्त छप्पर, दोन्ही बाजूंना गुळगुळीत ओटे, आणि मधल्या भिंतीत एक पितळी नळ. नळाला पाइप नव्हता. तो नुसता भिंतीत बसवला होता, मिरवणुकीतल्या पाहुण्यासारखा. जिजाबाई पहिल्याच दिवशी टोपलं घेऊन ओट्यावर बसली, पाय पसरले आणि म्हणाली, "आता सुनेले सांगतो, पाहून घे." तो दिवस माझ्या मोबाइलात आहे. मी अधूनमधून काढून बघतो.

पण काम पूर्ण झालं हे गावानं म्हणून भागत नाही. ते फोटोनं म्हणावं लागतं, तेही त्या जागेवर काढलेल्या फोटोनं. मी काढला, पाठवला. वरून परत आला. शेरा होता : 'केंद्राचा वापर होताना दिसत नाही.' वापर होत होता हो. जिजाबाई बसलेली स्पष्ट दिसत होती. पण ती हात धूत नव्हती.

मग आम्ही तिला नळासमोर उभं केलं. भिंतीमागून नळाच्या भोकात एक नळी घातली आणि रुपेशला लोटा घेऊन तिकडे बसवलं.

"मी 'सोड' म्हटलं की सोडायचं," मी सांगितलं.

"आन् सर, मले जरा सर्दी हाय," रुपेश भिंतीमागून बोलला.

मी 'सोड' म्हटलं. पाणी आलं. जिजाबाईनं हात पुढे केले. तेवढ्यात रुपेश शिंकला, लोटा कलंडला आणि नळानं असा काही फवारा मारला की जिजाबाई पदरापर्यंत भिजली आणि खदखदून हसली. तोंडात दात कमी, पण हसू भरघोस. माझं बोट नेमकं त्याच क्षणी दाबलं गेलं.

आयुष्यात मी एकच चांगला फोटो काढला, आणि त्यानंच माझा घात केला. फोटो तालुक्याच्या ग्रुपवर गेला. तिथून जिल्ह्याच्या. अंगठे आले, जोडलेले हात आले, फुलं आली. कुणीतरी वर लिहिलं, 'आदर्श केंद्र'. आणि आठवड्याच्या आत निरोप आला : पाहणीला पथक येत आहे.

आता नळाला पाणी हवं. रुपेशला जिल्ह्याच्या पथकासमोर भिंतीमागे बसवता येईना. सर्दीही गेली नव्हती. रातोरात नव्हे, पण धावपळ करून गावच्या टाकीपासून फाट्यापर्यंत पाइप ओढला. पाणी व स्वच्छता या शीर्षाखाली तो मात्र विनातक्रार बसला. कॉम्प्युटरनं हूं की चूं केलं नाही.

पथक आलं. मोठ्या साहेबांनी हात धुतले. माणूस चांगला होता, मनापासून खूश झाला. मग त्यांची नजर ओट्यांवर गेली.

"हे कशासाठी?"

खरं सांगण्याची तीच वेळ होती. भावनाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

"सर, हात धुवून लोक थोडं... थांबतात."

"थांबतात कशाला? हात धुवायचे आणि निघायचं. इतकी चांगली जागा वाया चालली आहे. दोन्ही ओट्यांवर बेसिन बसवा. रांगेनं नळ लावा. आपण हे केंद्र इतर गावांना दाखवू."

"हो सर," मी म्हटलं. हा शब्द माझ्या तोंडून आपोआप निघतो. झोपेतही निघतो, बायको सांगते.

गाड्या गेल्यावर भावनाताईंनी मला धरलं. "खरं काऊन नाई सांगतलं तुमी? बसाले हाय म्हनाले काय जात होतं?"

"पगार जात होता ताई. हात धुण्याच्या पैशात बसायची सोय केली म्हणून माझ्याच पगारातून वसुली लागली असती."

"आन् त्या बुढीले काय सांगसान?"

 ओट्यांवर बेसिनं बसली. जिजाबाई पुन्हा उभी. पण छप्पर तर डोक्यावर होतं, मी स्वतःची समजूत घातली, आणि तिचीही घालायचा प्रयत्न केला. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

पुढचं मात्र मी खरंच ताडलं नव्हतं. भर रस्त्यावर, चोवीस तास, फुकट पाणी, वर छप्पर. ही खबर संत्र्याच्या ट्रकवाल्यांत वाऱ्यासारखी पसरली. सकाळी फाट्यावर ट्रकांची रांग. ड्रायव्हर कमरेला गमछा लावून, अंगाला साबण फासून, आदर्श केंद्रात आंघोळी करताहेत. बेसिनमध्ये बनियानं भिजताहेत. छपराच्या खांबांना दोऱ्या बांधून कपडे वाळताहेत. मी एकाला म्हटलं, बाबा रे, हे फक्त हात धुवायचं केंद्र आहे. तो म्हणाला, "भैया, हाथ भी धो रहे हैं ना." त्याचं खोटं नव्हतं.

बायका तिथं कशाला उभ्या राहतील? त्या बाहेर उन्हात सरकल्या. तरी एसटी तिथं थांबत होती. पण आंघोळीचं पाणी जाणार कुठं? फाट्यावर चिखल झाला. चिखल पाहून म्हशी आल्या. म्हशी बसल्या की उठत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. एके दिवशी एसटीचं चाक चिखलात रुतलं आणि प्रवाशांनी उतरून धक्का मारला. त्या दिवसापासून ड्रायव्हरनं गाडी चिखल ओलांडून पुढे, कोरड्या माळावर थांबवायला सुरुवात केली. तिथं झाड नाही, झुडूप नाही, गवताची काडी नाही.

म्हणजे हिशेब असा : बसायला केलं, तिथं बसता येत नाही. उभं राहायला होतं, तिथं उभं राहवत नाही. आणि गाडी थांबायची, ती तिथं थांबत नाही. काम मात्र सरकारदरबारी शंभर टक्के पूर्ण.

जिजाबाई ग्रामपंचायतीत आली तेव्हा वैशाख लागला होता. टोपलं दारात ठेवलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मले हात नोते धुवायचे सचिवसाहेब," ती म्हणाली. "मले बसायचं होतं."

अश्वजितनं मान कॉम्प्युटरमध्ये घातली. मला खरंच लाज वाटली. मी म्हटलं, बेसिन काढतो, ओटे मोकळे करतो. अश्वजित स्क्रीनच्या आडूनच म्हणाला, "सर, ते आता मालमत्ता रजिस्टरात चढलं. काढता येत नाई." मग मी म्हटलं, चिखलासाठी शोषखड्डा घेऊ, पुढच्या आराखड्यात, बंधितमध्ये बसतो. जिजाबाईनं टोपलं उचललं.

"सुनेनं सांगतलं, या मयन्याभरात काही झालं नाई त बाजार बंद," असं म्हणून ती गेली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. ग्रामसेवकाला जेवण न जाणं ही मोठी गोष्ट आहे.

आणि त्याच आठवड्यात जिल्ह्याहून टेम्पो आला. त्यात फ्लेक्सचा एक अवाढव्य फलक आणि लोखंडी सांगाडा. फलकावर कमरेपर्यंत जिजाबाई. तोच फोटो. भिजलेला पदर, पसरलेले हात, भरघोस हसू, आणि खाली लिहिलेलं : 'हात धुवा, आनंदी राहा'. सोबत सूचना : आदर्श केंद्रालगत दर्शनी भागी उभारावा.

रुपेश केंद्रालगत खड्डा खणायला गेला. खणला की पाणी भरे. दुसरीकडे खणायला गेला, तिथं म्हैस उठेना. संध्याकाळी वैतागून मला फोन केला, "सर, इथं खांब उभा नाई राहून राह्यला. पुढं माळावर कोरडं हाय, तिथं गाडू काय?"

मी इतका थकलो होतो की म्हटलं, गाड बाबा, कुठंही गाड.

नंतर कामाच्या रगाड्यात मी फाट्याकडे फिरकलोच नाही. खरं म्हणजे मुद्दाम दुसऱ्या रस्त्यानं जात होतो. पण एक दिवस आर्वीला बैठक होती, त्या रस्त्यानं जाणं भागच होतं. ऊन असं की डांबर चिकटत होतं. माळावर फलक दिसला आणि मी गाडी हळू केली.

फलकाच्या मागे, त्याच्या सावलीत, बायका ओळीनं बसल्या होत्या. कुणी विटा मांडल्या होत्या, कुणी पोतं अंथरलं होतं. मध्ये जिजाबाई, पाय पसरून, शेजारी सांभाराचं टोपलं. एसटी पुढ्यातच थांबत होती.

मी गाडी लावली आणि जाऊन उभा राहिलो. 

"सुनबाई काय म्हणते?" मी विचारलं.

"काय म्हन्ते? जा म्हन्ते." तिनं सरकून मला जागा करून दिली. "बसा. उन्हाचे आले."

मी बसलो. गार वाटलं. इतक्या वर्षांत मी आणलेल्या कुठल्याही निधीनं मला असं गार वाटलं नव्हतं, आणि हा फलक आमच्या आराखड्यात कुठंच नव्हता. मी मनातल्या मनात शीर्ष शोधू लागलो. सवय.

जिजाबाईनं वर, फलकाच्या कडेकडे पाहिलं. तिचे पाय उन्हात आले होते. ते तिनं आत ओढून घेतले.

"सचिवसाहेब," ती म्हणाली, "पुढच्या खेपेले माहा फोटो पायापर्यंत काढजा. थोडी लंबी पडन सावली."

"हो," मी म्हटलं, "घेतलं समजा."