बॉल कुठनं आला?

गोल झाला रे झाला की आबा साळोखे टीव्हीकडे पाठ करून बसत. आपण ओरडतोय, टाळ्या देतोय, आणि हा अडुसष्ट वर्षांचा गृहस्थ खिडकीतून आयर्लंडमधल्या ॲडम्सटाउनची ओली घरं बघतोय. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, विरुद्ध संघाचे असावेत.

"गोल काय, शेंबडं पोरगंबी बघतंय," ते म्हणाले. "बॉल कुठनं आला ते सांग."

आता बॉल कुठून आला हे मला काय ठाऊक! मी पुण्याचा. आम्ही फुटबॉल बघतो तो नंतर मतं मांडायला. आबा कोल्हापूरचे, जिथे दोन पेठांमधल्या सामन्यावरून सख्खे साडू वर्षभर बोलत नाहीत. तरुणपणी ते पेठेच्या संघात हाफला, म्हणजे मधल्या फळीत खेळत. मागून बॉल घ्यायचा, पुढे द्यायचा, आणि गोल झाल्यावर लोक दुसऱ्याच कुणाला खांद्यावर घेऊन नाचतात ते बघायचं.

आबा म्हणजे माझ्या समोरच्या घरातल्या संदीपचे वडील. संदीप कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. २०२०च्या फेब्रुवारीत आबा तीन महिन्यांसाठी लेकाकडे आले, मार्चात जग बंद झालं आणि ते सव्वा वर्ष राहिले. घरात दोघंच. मी तर एकटाच. पुढे सरकारने एकट्या माणसाला एक घर जोडून घ्यायची मुभा दिली, त्याला इथे 'बबल' म्हणत. मी साळोख्यांचं घर जोडून घेतलं. खरं सांगायचं तर घर नव्हे, आबांच्या हातचा तांबडा रस्सा जोडून घेतला. आज त्या घरात दुसरं कुटुंब राहतं, आणि तिथे फोडणी बसल्याचा वास आला तर मी अजून दारात थबकतो.

"बॉल कुठनं आला" हा नियम फुटबॉलपुरता नव्हता. रश्शाची तारीफ केली तर आबा म्हणत, "रस्सा मी केला. खोबरं कुणी भाजलं?" पंतप्रधान टीव्हीवर येऊन नवे निर्बंध सांगत, तेव्हा आबांचं सगळं लक्ष शेजारी उभं राहून कर्णबधिरांना हातवारे करून सांगणाऱ्या बाईकडे. "खरं काम तीच करतीया." सुपरमार्केटबाहेर दोन-दोन मीटर अंतराची रांग असे. आबा मागच्या माणसाला हाताच्या खुणेने डावीकडे सरकवत, कारण सगळे एका रेषेत उभे राहिले तर पास कुणाला द्यायचा? तो बिचारा "यू आर ग्रँड", म्हणजे इथलं 'काही हरकत नाही', म्हणून सरकेही. पंधरा दिवसांत आबांचं सगळंच 'ग्रँड हाय' झालं.

आणि गोंद्या.

गोंद्याचं खरं नाव गोंझालो. स्पेनमधला, मधल्या फळीतला व्यावसायिक खेळाडू. तुम्ही नाव ऐकलेलं नसणार. स्पेनमध्येही फारसं कुणी ऐकलं नसावं. तो सतरा वर्षांचा असताना त्याची मुलांची एक मॅच आबांनी कोल्हापुरात केबलवर बघितली, आणि तेव्हापासून त्याची सगळी वाटचाल ते एका जाडजूड डायरीत लिहीत आले. मोठ्या क्लबने घेतला, बाकावर बसवला, मग दुसऱ्या गावाला धाडून दिला. गुडघा गेला. एक वर्ष सायप्रसमध्ये काढलं. परत येऊन समुद्रकाठच्या एका दुय्यम क्लबात मुक्काम ठोकला. सोळा वर्षांतले गोल हाताच्या बोटांवर मोजावेत एवढे.

त्याच्या स्पॅनिश बातम्या फोनवर मराठीत करून वाचून दाखवणं हे माझं काम. फोन भाषांतर करी, "गोंझालोची मांडी नाराज आहे." मी हसू दाबत वाचायचो. आबा गंभीरपणे म्हणत, "हुणारच. थंडीत पुरी नव्वद मिन्टं खेळवलंय."

एकदा मी जरा जास्तच शहाणपणा केला. गोंद्याची कारकीर्द एक्सेलमध्ये मांडली, रंग भरले, गोलांचा आलेख काढला. आलेख बिचारा जमिनीला चिकटून झोपलेला. "आबा, हा माणूस नक्की करतो काय?" असं मी हसत विचारलं. आबा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी रस्सा आला, पण तो इतका तिखट होता की अबोला बरा होता.

२०२१च्या मे महिन्यात मी बातमी वाचून दाखवली. गोंझालो निवृत्त होतोय, रविवारी दुपारी शेवटचा सामना. आबा "बरं" एवढंच म्हणाले.

रविवारी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले. संदीप ड्यूटीवर होता. लॅपटॉप मी लावला. कोरोनामुळे मैदानात प्रेक्षक नव्हते, नुसत्या खुर्च्या. गोंद्या थकलेला दिसत होता, दाढीत पांढरे केस. पण मान वर. दोनदा त्याने असा बॉल दिला की एवढ्या महिन्यांच्या शिकवणीनंतर मलाही तो कुठून आला ते दिसलं. उत्तरार्धात त्याच्या नंबराची पाटी वर झाली. तो सावकाश चालत बाहेर आला. टाळ्या वाजवायला बाकावरची चार-सहा माणसं.

आबा उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. मीही उठलो. थोड्या वेळाने मी थांबलो, ते थांबले नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आज डायरी तू लिव्ह, पुणेकर," ते म्हणाले. "मला अक्षर दिसंना."

ती डायरी मी तेव्हा पहिल्यांदा उघडली. उजव्या पानांवर गोंद्या. आणि डाव्या पानांवर, त्याच तारखांना, संदीप. 'गोंद्या: बाकावरच. संदीप: इंजिनिअरिंगला प्रवेश.' 'गोंद्या: गुडघ्याचं ऑपरेशन. संदीप: पुण्यात नोकरी.' 'गोंद्या: सायप्रस. संदीप: आयर्लंड. फोनवर आवाज बसलेला वाटला.'

मी पानं उलटत राहिलो. आबाच बोलले.

"दोघं एका वयाचे. संदीपबी हाफच. लई गुणाचा. अकरावीत गेला आणि मी त्याचे बूट उचलून भंगारवाल्याला दिले. आमच्यातल्या गोल मारणाऱ्यांना नोकऱ्या लागल्या रं. हाफला कोण विचारतंय? मी तीस वर्षं फौंड्रीत काढली. म्हटलं, पोराचं तसं नगं." त्यांनी डोळे पुसले. "त्याच साली ह्यो टीव्हीवर दिसला. म्हटलं, ह्याचं काय हुतंय बघू. म्हंजे मला कळंल, मी बरोबर केलं का चूक."

"मग कळलं?"

"न्हाई. आणि आज मॅचबी संपली."

"संदीपलाच विचारा की."

"त्येचंच भ्या वाटतंय."

मला माझ्या त्या रंगीत एक्सेलची मनापासून लाज वाटली.

संध्याकाळी संदीप आला. डायरी टेबलावर उघडी होती. मी ती मिटायला हवी होती. मुद्दामच मिटली नाही. तो जॅकेट न काढता उभ्या उभ्या पानं मागे उलटत गेला आणि पहिल्या पानावर थांबला. तिथे डावीकडे एवढंच होतं: 'बूट दिले. पोरगं दोन दिवस जेवलं नाही.'

आबा आपल्या नखांकडे बघत बसले होते.

"आबा," संदीप म्हणाला, "ते बूट तसेही मला लहान व्हायला लागले होते. चावायचे. मी खेळणं सोडणारच होतो."

आबांनी झटकन वर बघितलं. "लहान? वाढत्या अंगाचा म्हणून दोन नंबर मोठे घेतले हुते मी! फुडं कापूस कोंबून खेळायचास तू."

संदीप हसायला लागला, आणि हसता हसताच खाली बसून त्याने आबांच्या मांडीवर डोकं ठेवलं. आबा त्याच्या केसांतून हात फिरवत राहिले. मी पेन धरून उगाच उभा. त्या घरात मला परकं वाटलं ते तेवढं एकदाच, आणि त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही.

"पुणेकर," आबा म्हणाले, "आजचं डावं पान रिकामं हाय न्हवं? लिव्ह. 'संदीप: बापासाठी खोटं बोलला.'"