बांधीतली हॉकी

गावात कोणीही नवा माणूस आला की आमचे सोमाजीभाऊ त्याला नाव विचारत नसत, गाव विचारत नसत. एकच सवाल, "कोनत्या साईडनं खेळता जी?" नव्या डॉक्टरला त्यांनी हेच विचारलं, जंगलखात्याच्या साहेबाला विचारलं, एकदा तर लग्नात आलेल्या बँडवाल्यालाही सोडलं नाही. ऐंशी सालाच्या सुमारास मी मास्तर म्हणून धानोऱ्याजवळच्या त्या गावी उतरलो, तेव्हा वळकटी अजून खांद्यावरच होती. मी म्हटलं, "मी खेळत नाही हो, मी गणित शिकवतो." भाऊंनी मला वरून खाली पाहिलं. म्हणाले, "मंग गोलकीपर." संपलं! त्याच संध्याकाळी मी गोलात उभा होतो आणि पहिला चेंडू माझ्या नडगीवर बसला.

आता धानाच्या मुलखात, भर जंगलात हॉकी कुठून आली म्हणाल, तर भाऊ तरुणपणी नागपुरात एका मैदानावर पाणी मारायच्या कामाला होते. येताना एक मोडकी स्टिक घेऊन आले. बाकीच्या स्टिका तिवसाच्या वाकड्या फांद्या तासून केलेल्या, चेंडू बांबूच्या गड्ड्याचा. आणि मैदान म्हणजे भाऊंचीच एक बांधी, धानाच्या शेताचा एक तुकडा. गावातले सगळे जण धान कापायच्या आधीच बांधीत लाखोरीचं बी फेकून ठेवतात, म्हणजे मागून तेही पीक हाती येतं. भाऊ त्या एका बांधीत कधी दाणा टाकत नसत. धान निघालं की धसकटं तासायची अन् खेळायचं. "साऱ्यायच्या बांधीत लाखोरी पिकते, सोमाजीच्या बांधीत हॉकी," असं लोक तोंडावर म्हणत. भाऊंचं उत्तर ठरलेलं, "टीमले इतिहास आहे, मजाक नाई!"

हा इतिहास ते दाढी करताना न्हाव्याला सांगत आणि सुई टोचून घेताना डॉक्टरला. कोणत्या मॅचमध्ये कोणाचा दात पडला, केव्हा रानडुक्कर घुसलं आणि रेफरी मोहाच्या झाडावर चढला, सगळं तोंडपाठ. त्यात चंद्रपूरची मॅच आली की मात्र भाऊंचा आवाज चढायचा.

त्याचं असं झालं. बांधीच्या चारी बाजूंना मातीचा बांध असतो, त्याला आम्ही धुरा म्हणतो. चेंडू धुऱ्यावर आपटला की परत येतो. आमची पोरं त्यावरच खेळायला शिकली होती. समोर गडी आडवा आला की चेंडू तिरपा धुऱ्यावर हाणायचा, आपण त्याला वळसा घालून पळायचं आणि परत आलेला चेंडू पुढं गाठायचा. आजूबाजूच्या गावांना आम्ही असं रडवलं होतं की विचारू नका. त्याच गुर्मीत चंद्रपूरला गेलो. तिथलं मैदान सपाट, धुरा नाहीच! आमच्या गड्यांनी सवयीनं चेंडू कडेला हाणला आणि तो परत यायची वाट पाहत उभे राहिले. चेंडू थेट भजीवाल्याच्या गाडीखाली. किती गोल खाल्ले ते विचारू नका, खाणारा मीच होतो. परतीच्या एसटीत भाऊ एवढंच म्हणाले, "ग्राउंडच चुकीचं होतं, गुर्जी. चारी बाजूनं उघडं! अशा ठिकानी मानूस खेळते का?"

भाऊंना एकच मुलगी, कमल. तिची आई ती लहान असतानाच वारली होती. स्वयंपाक, शेत आणि आमचे फुटलेले गुडघे, सगळं कमलच पाहायची. खेळ सुरू असला की धुऱ्यावर बसून असायची, आणि कोणी चुकलं की तिचं "अगो बाई!" सगळ्यात आधी ऐकू यायचं. तिच्यासाठी स्थळं येऊ लागली, तशी भाऊंच्या त्या सवालाला धार चढली. गडचिरोलीचा तलाठी आला, त्याला हॉकी येत नव्हती, नापास. एक मास्तर आला, तो म्हणाला, मी कबड्डी खेळतो. भाऊंनी त्याला चहासुद्धा अर्धाच पाजला. गाव काय ते समजून चुकलं. पोरीला धाडायचंच नाही, हॉकीचं नुसतं निमित्त. कमल बोलत नसे, पण पाहुणे गेले की भांडी जरा जोरात आदळायची.

मग राजुऱ्याचा प्रकाश आला, कोळशाच्या खाणीत फिटर. भाऊंनी विचारलं, "कोनत्या साईडनं खेळता?" तो शांतपणे म्हणाला, "राइट आऊट. आमच्या कॉलनीची टीम आहे." भाऊंचा चेहरा असा पडला की मला हसू आवरेना. पण हार मानतील तर ते भाऊ कसले! "असं का? मंग चाला बांधीत. मले चकवून गोल करून दाखवा."

सारं गाव गोळा झालं, मी गोलात उभा राहिलो. प्रकाशचा खेळ देखणा होता, पण सपाट मैदानाचा. बांधीत तो पुढं सरकला की भाऊ त्याला धुऱ्याशी दाबायचे आणि चेंडू काढून न्यायचे. एकदा, दोनदा, कितीदा. प्रकाश घामाघूम झाला, धसकटानं पाय खरचटले. भाऊ लहान पोरासारखे खिदळत होते. "झालं! हे स्थळ पन गेलं," शेजारी कोणीतरी पुटपुटलं.

तेवढ्यात धुऱ्यावरून आवाज आला, "धुऱ्यावर मारा जी! तिरपा मारा, तिरपा!"

कमल उभी राहिली होती. आमच्या टीमची एवढी गुपित विद्या तिनं भर गावासमोर परक्या गड्याला सांगून टाकली! बोलून गेल्यावर तिलाच उमगलं आणि तिनं पदरात तोंड घातलं. भाऊ जागच्या जागी थांबले. प्रकाशनं तिरपा फटका मारला, चेंडू धुऱ्यावर आपटून भाऊंच्या पायाजवळून गोलात गेला, आणि भाऊंनी स्टिक हलवलीसुद्धा नाही. मीही नाही.

मग भाऊ प्रकाशजवळ गेले, त्याच्या पायाची माती आपल्या दुपट्ट्यानं झटकली आणि म्हणाले, "याले टीमीत नाई घेत मी. घरात घेतो."

उन्हाळ्यात लग्न झालं. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, वरात राजुऱ्याकडे गेली. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी बांधीकडे गेलो, तर भाऊ एकटेच धुऱ्यावर बसलेले. मी शेजारी बसलो. ते आपणहून बोलू लागले.

"तिची माय गेली ना गुर्जी, तं पोरगी दिवेलागनीले रोज रडे. काहीच केल्या थांबे नाई. एका दिशी मी असाच तिच्यासमोर दगड टोलवला, तं हासली. मंग चेंडू बनवला. मंग पोट्टे गोळा केले, म्हटलं गलका राहीन तं पोरगी रडनार नाई." त्यांनी हातातलं ढेकूळ बांधीत टाकलं. "तिच्याचसाठी केली होती टीम. आता मलेच या वक्ताले घरी जाचा भेव लागते."

मला रडूच आलं. मी उठलो आणि गोलात जाऊन उभा राहिलो.

"मारा, भाऊ."

ते उठले. अंधार पडत होता, चेंडू धड दिसतही नव्हता. मी म्हटलं, "मारा हो, मला घाई नाही."